सोमवारची पाहुणी माणसं

चहा आधी पिऊन घ्या, मग सांगते. कारण हे सांगताना मी मधेच पदरात तोंड लपवते आणि तुमचा चहा तसाच गार होतो. फजिती माझीच आहे. दुसऱ्या कोणाची असती तर मीठमसाला लावून कधीच सांगितली असती.

तर गोष्ट आहे आमच्या जनरेटरची.

आमचे हे कच्छकडे एका कारखान्यात फिटर आहेत. आमचं गाव भडगावजवळ, गिरणेच्या काठाला. म्हणजे तुम्हीच बघा अंतर. आरू पाच महिन्यांची होती तेव्हा गेले, आता ती अडीच वर्षांची आहे. तिचे पप्पा तिच्यासाठी मोबाइलमध्ये राहतात. फोन चार्जिंगला लावला की म्हणते, "पप्पा झोपले."

या आरूला थंडीवाऱ्याचा त्रास. छाती भरली की मशीनने वाफ द्यावी लागते, आणि मशीनला लाइट लागते. मागच्या वैशाखात वादळ झालं, केळी आडव्या झाल्या, त्यांच्याबरोबर खांबही आडवे. तीन दिवस गाव अंधारात. मी पोरीला छातीशी धरून भडगावच्या दवाखान्यात वाफेसाठी ये-जा करत होते आणि फोनवर यांच्याजवळ रडत होते. तेव्हापासून यांनी मनावर घेतलं. कारखान्याने काढलेला एक जुना जनरेटर घेतला, नीट दुरुस्त केला आणि केळी उतरवून परत येणाऱ्या ट्रकमधून पाठवून दिला.

मी ओसरीवर उभी राहून बघत होते. चार माणसांनी उतरवला. यंत्र आलं, माणूस आला नाही. सासूबाईंनी त्याला कुंकू लावलं, नारळ फोडला, गोधडी पांघरली. मी मात्र आत जाऊन भांडी घासायला बसले. स्वच्छ भांडीच परत घासली.

फोनवर यांनी बजावलं, मी आल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. चुकीचा जोडला तर करंट उलटा लाइनीत जातो आणि खांबावर चढलेला वायरमन दगावतो. त्याला वेगळा स्विच बसवावा लागतो, तो मी येऊन बसवीन. पण आधी रीतसर परवानगी काढ. तो कागद साहेबांना दाखवला की सुट्टी मागायला मला तोंड राहील.

ऐकलंत? परवानगीचा कागद आला की नवरा येणार. मला बाकी काही ऐकूच आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी आरूला कडेवर घेऊन भडगावला वीज ऑफिसात. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, अर्ज ठेवा, पण आधी ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणा. ग्रामपंचायतीत गेले तर ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, ताई, आवाज होईल, धूर होईल, उद्या गल्लीतलं कोणी तक्रार घेऊन आलं तर? आधी शेजाऱ्यांची संमती आणा. सोमवारपर्यंत आणलीत तर सोमवारीच दाखला देतो.

मी सातवीपर्यंत शिकलेय, अक्षर बरं आहे. भाऊसाहेबांनी सांगितलं तसं लिहून घेतलं. वर तीन ओळी मजकूर, तोही बारीक, कारण खाली सह्यांना जागा हवी. खाली आमच्या गल्लीतल्या अकरा घरांच्या कर्त्या माणसांची नावं, एकाखाली एक. नावापुढे सहीला जागा.

कागद घरी आणून देवापुढे ठेवला. सकाळी उचलायला गेले तर चारही कोपऱ्यांना हळदकुंकू. सासूबाईंनी लावलेलं. त्यांना लिहितावाचता येत नाही, पण कुठलीही नवी वस्तू घरातून कोरी बाहेर पडू देत नाहीत. आरूच्या वाफेच्या मशीनलासुद्धा टिळा आहे. मी म्हटलं, बरं झालं, चांगल्या कामाला निघालोय.

इथेच सगळा घोळ झाला. पण मला तेव्हा कुठे कळतंय?

पहिलं घर सुपडू आबांचं. गल्लीत सगळ्यात मोठे तेच. मला त्यांचीच भीती होती, कारण शेजारच्या मिक्सरचा आवाज झाला तरी आबा अंगणात येऊन खोकतात. (आम्ही घरात अहिराणीच बोलतो. मी साधं सांगतेय, पण आबांची आणि इतरांची काही वाक्यं जशीच्या तशी ठेवते, नाहीतर ते आबा वाटणार नाहीत.)

मी कागद पुढे केला. म्हटलं, आबा, सही हवी होती, सोमवारी काम आहे. पुढचं भाषण मी रात्रभर पाठ केलं होतं, आवाज कमी आहे, धूर मागच्या बाजूला सोडू, वगैरे. तेवढ्यात आरूने आबांच्या कोंबडीमागे धाव घेतली आणि मी आरूमागे. परत आले तर आबांनी सही करून कागद घडी घालून ठेवलेला. डोळे भरून आलेले.

"चांगली गोट शे पोरी," म्हणाले. "उशीर व्हयना, पन चांगली गोट शे."

मला वाटलं, एवढा कडक माणूस, पण आतून किती मऊ. पोरीच्या श्वासाची यांना किती काळजी.

मग काय, हत्तीचं बळ आलं. घरोघरी तेच. मी म्हणायचे, सही हवी होती, सोमवारी काम आहे. ते कागदाच्या कोपऱ्याकडे बघायचे, आपलं नाव बघायचे, हसायचे आणि सही करायचे. एका घरी माझ्या हातावर साखर ठेवली. एका घरी आरूच्या केसांवरून हात फिरवून म्हणाले, आता सुटशील गं बाई. मी म्हटलं, खरंच, सुटेल बिचारी त्या खोकल्यातून. लीला अक्कांनी सही करताना विचारलं, "आम्ही बठ्ठासनी येवानं का?" मला वाटलं, ग्रामपंचायतीत सगळ्यांनीच हजर राहावं लागेल का असं विचारताहेत. मी म्हटलं, अक्का, आलात तर बरंच होईल.

मी स्वतः म्हटलं हो. या तोंडाने.

तासाभरात अकरा सह्या. यांना फोन करून सांगितलं तर यांचा विश्वासच बसेना. म्हणाले, सुपडू आबांनी पण? मी म्हटलं, त्यांच्या तर डोळ्यांत पाणी आलं. हे म्हणाले, तब्येत बरी आहे ना त्यांची?

शनिवारी दळण घेऊन गिरणीवर गेले. लीला अक्का तिथेच होत्या. मला बघून त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"सोमवारे तुना घरवाला ई ऱ्हायना," म्हणाल्या, "अन् तू तोंडवर कुलूप लाई फिरी ऱ्हायनी."

माझा घरवाला. सोमवारी. येतोय.

गिरणी चालू होती, पण मला काही ऐकू येईना. मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं? अक्का म्हणाल्या, कोणी सांगायला कशाला हवं, सगळ्या गल्लीला माहीत आहे. आणि माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, नाटकं करते पोरगी.

आता तुम्ही म्हणाल, फोन करून विचारायचं सरळ. पण थांबा. आमच्या यांना अशी खोड आहे. लग्नानंतर पहिल्या वर्षी सुरतेला कामावर होते तेव्हा असेच न सांगता आले होते. मी अंगणात गोवऱ्या थापत होते, हात कोपरापर्यंत भरलेले, आणि हे मागे उभे राहून हसत होते. त्या एका येण्यावर मी किती महिने काढलेत, ते माझं मला माहीत. म्हणजे आताही गल्लीला सांगून ठेवलंय आणि मला अंधारात. मग मी विचारून त्यांची मजा कशाला घालवू?

तरी संध्याकाळी राहवलं नाही. फोनवर आडून विचारलं, सोमवारी काय करणार आहात? म्हणाले, ड्युटी. काय सफाईदार खोटं. मला हसूच फुटलं. म्हणाले, का हसतेस? मी म्हटलं, काही नाही, करा ड्युटी. म्हणाले, अगं मोठं काम आहे, बॉयलर उघडलाय. मी म्हटलं, हो हो, उघडा. आणि फोन ठेवून गोल फिरले. खरंच, स्वयंपाकघरात एकटीच गोल फिरले.

सासूबाईंना सांगायला गेले तर त्यांना आबांकडून आधीच कळलं होतं. त्याही मला सांगत नव्हत्या, मला माहीत असेल म्हणून.

रविवारी आम्ही दोघींनी घर धुऊन काढलं. गोधड्या वाळत घातल्या. जनरेटरचं तोंडही पुसलं. यांना कळण्याची भाकरी आणि भरीत आवडतं, तिकडे कोण देणार, म्हणून ज्वारी-उडीद दळून आणलं, आबांच्या शेतातली हिरवी वांगी मागवली. चार माणसांना पुरेल एवढं. गल्लीने आमची धावपळ बघितली आणि त्यांची खात्री पटली. मी गल्लीची धावपळ बघितली आणि माझी खात्री पटली. समोरच्या घरात नव्या साड्या काढल्या होत्या, कोणी आरूच्या मापाचा फ्रॉक आणला होता. म्हटलं, यांच्यावर गल्लीचा किती जीव आहे.

सोमवारी सकाळी कागदबिगद घरातच राहिला. भाऊसाहेब, दाखला, सगळं डोक्यातून गेलं. ज्याच्यासाठी कागद हवा होता तोच येत असताना कागद कोण बघतो? मी लग्नातली मोरपंखी साडी नेसले, आरूच्या डोक्यावर दोन शेंड्या बांधल्या आणि भडगावच्या स्टँडवर जाऊन उभी राहिले.

रेल्वेने जळगावला उतरतील, तिथून एसटीने येतील, हा माझा हिशोब. जळगावची पहिली गाडी आली. माणसं उतरली. एक जण पाठीवर तशीच निळी बॅग घेऊन पाठमोरा उतरला आणि मी दोन पावलं पुढे गेले. तो वळला. दुसराच कोणी होता. मी साडीच्या निऱ्या सारख्या केल्या, जणू त्यासाठीच पुढे गेले होते.

दुसरी गाडी. तिसरी गाडी. आरूला मी सांगून ठेवलं होतं, पप्पा गाडीतून उतरणार. ती प्रत्येक उतरणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे मान वर करून बघायची आणि मग माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघायची. तिला जुळवून बघायचं होतं. एका म्हाताऱ्या बाबांकडेही तिने बघितलं. बाबा म्हणाले, काय गं? तर ही म्हणाली, "पप्पा?" बाबा हसले, डोक्यावर हात ठेवून निघून गेले. मी दुसरीकडे बघत राहिले.

चौथ्या गाडीनंतर ऊन चढलं. मग एकदम डोक्यात आलं, हे चाळीसगावकडून आले असतील आणि वाटेतच आपल्या गावच्या फाट्यावर उतरले असतील तर? मी इथे उभी आणि हे घरी. तशी रिक्षात बसले.

गल्लीच्या तोंडाशी उतरले आणि बघते तर काय! आमच्या दारात ही गर्दी. ओसरीबाहेर चपलाच चपला. पन्नास-साठ माणूस असेल. बायका, पोरं, म्हातारे, सगळे नटूनथटून. आले, म्हटलं. आले, आले, आले. आरूला काखेत मारून मी मोरपंखी साडीत अशी धावले की शाळेतल्या खो-खोतही धावले नव्हते. चपला वाटेतच राहिल्या. लोक बाजूला झाले. मी आत शिरले आणि दम खात विचारलं,

"कुठे आहेत?"

आणि त्याच वेळी सुपडू आबांनी मला विचारलं, "कोठे शे तो?"

मी आबांकडे बघतेय, आबा माझ्याकडे. आबा म्हणाले, तू त्याला आणायला गेली होतीस ना? मी म्हटलं, ते घरी आलेत ना? मग सगळ्यांनी मिळून सासूबाईंकडे बघितलं, आणि सासूबाईंनी दाराकडे.

मी म्हटलं, आबा, तुम्हाला ते येणार असं कोणी सांगितलं?

आबा म्हणाले, "तूच."

मग उलगडा झाला. इथल्या गल्लीत जेवणाचं आवतण द्यायचं तर पत्रिका नाही छापत. एका कागदावर घरांच्या कर्त्या माणसांची नावं, कोपऱ्याला हळदकुंकू, आणि ज्याला सांगितलं त्याने नावापुढे सही करायची, म्हणजे आवतण पोचलं, आम्ही येतो. चूलबंद आवतण म्हणतात त्याला, घरातली सगळी माणसं जेवायला, त्या दिवशी घरी चूल पेटवायची नाही. आता घरोघर गॅस आहे, तरी नाव तेच. माझं माहेर पिंपळनेरचं. आमच्याकडे नातेवाईक तोंडीच सांगत फिरतात, कागद नसतो. मी लग्न होऊन आल्यापासून आमच्या घरात एकही कार्य झालं नव्हतं, आरूचं बारसंही माहेरीच झालं, आणि दुसऱ्यांचं आवतण आलं तर अंगठा सासूबाईच उठवायच्या, मला कोण सांगणार?

आणि कार्य कुठलं, तेही लोकांनी आपापलं ओळखलं. आरूचं जाऊळ राहिलंय. यांनी सांगून ठेवलंय, मी आल्याशिवाय पोरीच्या केसाला कात्री लावायची नाही. हे गल्लीला पाठ आहे. आवतण आलं म्हणजे जाऊळ, जाऊळ म्हणजे बाप येतोय. सरळ गणित. म्हणजे माझा नवरा येतोय ही बातमी माझ्याच हातच्या कागदातून निघाली, अकरा घरं फिरली आणि गिरणीवर मलाच येऊन भेटली. आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला.

आबांनी कागद मागवला. चष्मा लावला. वरच्या तीन बारीक ओळी पहिल्यांदाच वाचल्या, मोठ्याने, सगळ्यांसमोर. की आम्ही खाली सह्या करणारे, घरगुती वापरासाठी जनरेटर बसविण्यास आमची हरकत नाही. आबांनी गोधडीखालच्या जनरेटरकडे बघितलं.

"मंग आते जाऊळ कोनं शे?" म्हणाले. "मशीननं?"

मग जे हसू फुटलं ते विचारू नका. बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. सासूबाई सारख्या म्हणत होत्या, "मी तं चांगला कामना कागद म्हनीसन लावं." मी खांबाला धरून उभी होते. मलाही हसू येत होतं, आणि त्याच्या मागोमाग दुसरंच काहीतरी येत होतं, ते मी गिळत होते. लीला अक्कांनी ते बघितलं. जवळ येऊन माझी सुटलेली निरी खोचून दिली आणि आरूला माझ्याकडून घेतलं.

आता प्रश्न जेवणाचा. पन्नास माणूस उपाशी, कोणाच्याच घरी स्वयंपाक नाही, आणि आमच्याकडे चौघांचं भरीत. मी म्हटलं, आता जमीन दुभंगावी. पण अक्कांनी पदर खोचला. एकीने पीठ आणलं, एकीने तेल, आबांनी शेतातून वांग्यांचं पोतं मागवलं. अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजली. मी भाकरी थापल्या, किती ते माझ्या खांद्यांना माहीत. तीनच्या सुमाराला पंगत बसली. आणलेले तीन फ्रॉक आरूने एकावर एक घातले. त्या पंगतीत मी यांच्यासाठी म्हणून काढून ठेवलेली पहिली भाकरी कोणाच्या ताटात गेली, मला कळलंही नाही.

जेवण झाल्यावर मी हात जोडले. म्हटलं, आबा, सही दुसऱ्याच गोष्टीला केलीत, आता हरकत असेल तर सांगा, मी खोडते. आबा सुपारी कातरत म्हणाले, जेवल्यावर कसली हरकत घेणार? पण आवाज झाला तर मी येऊन खोकणार, ते आधीच सांगून ठेवतो.

संध्याकाळी यांचा व्हिडिओ कॉल आला. अंगावर बॉयलरची काजळी. खरंच ड्युटीवर होते हो. मी सगळं सांगितलं. आधी हे एवढे हसले की मोबाइल हलायला लागला. मग थांबले. स्टँडचं ऐकल्यावर थांबले. मनगटाने तोंडावरची काजळी पुसली.

"वेडे," म्हणाले, "एकदा विचारायचं होतंस मला."

मी म्हटलं, "विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं."

आरूने मधेच तोंड घालून विचारलं, पप्पा, गाडी कुठे?

दाखला मिळाला. कागदावर भरताचा डाग होता, भाऊसाहेबांनी तो नखाने खरवडून बघितला आणि फाइलला लावला. वीज ऑफिसची परवानगीही आली. मी त्याचा फोटो यांना पाठवला, यांनी साहेबांना दाखवला. साहेब म्हणाले, बघू. जनरेटरला आमच्या घरात राहायची लेखी परवानगी आहे, नवऱ्याची अजून यायची आहे.

मी आता शहाणी झालेय. कोणी काही म्हटलं तरी विश्वास ठेवत नाही. परवाच लीला अक्का दारावरून जाताना सहज म्हणाल्या, येईल गं तो आता लवकरच. मी नुसती मान हलवली. काय माहीत असणार यांना, म्हटलं.

आणि आत जाऊन केस विंचरले, कुंकू नीट केलं आणि बाहेर येऊन ओसरीवर बसले. कारण अक्का अशा उगाच बोलणाऱ्या नाहीत हो.